विलासी राजा आणि बुडालेलं बंदर: दाभोळच्या गोष्टीत कारण नेमकं कुठे आहे?

फँटसीच्या जाडजूड कादंबऱ्यांत एक शहर हमखास भेटतं. समुद्रकाठचं, श्रीमंत, गजबजलेलं. धक्क्याला परदेशी जहाजं लागलेली, बाजारात घोडे, रेशीम, मसाले. वर टेकडीवर राजवाडा. राजवाड्यात राजा मैफलीत रमलेला, हातातला पेला खाली ठेवायला तयार नाही. खाली तट ढासळतोय, पहारेकऱ्यांचा पगार थकलाय आणि समुद्रावर कुणाची तरी शिडं दिसू लागली आहेत. दोन-तीन पानं वाचली की आपल्याला कळतं, हे शहर आता बुडणार. आणि ते बुडतंच.

कादंबरीत हे चालतं. तिथे शहरही लेखकाचं आणि राजाही लेखकाचाच. कशामुळे काय होणार, हे तोच ठरवतो. अडचण होते ती हाच साचा आपण खऱ्या शहरांना लावतो तेव्हा. मग 'राजा चैनी होता म्हणून बंदर गेलं' हे वाक्य इतिहास म्हणून खपतं, आणि ते इतकं गोड लागतं की कुणी पुरावा मागत नाही.

तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या ब्लॉगवर राजे-महाराजे कशाला? कारण पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहिणाऱ्या मुलामुलींच्या कागदात मला हेच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत दिसतं. 'योजना अयशस्वी झाली, कारण अधिकारी उदासीन होते.' 'तळ्याचं पाणी खराब झालं, कारण लोकांमध्ये जागरूकता नव्हती.' यात कारण सांगितल्यासारखं वाटतं, पण खरं तर एका माणसाला किंवा गटाला एक विशेषण लावलेलं असतं. विशेषणाला कारण समजण्याची ही सवय मोडायची कशी, ते आज एका खऱ्या बंदरावर करून बघू. मी सायन्सवाला आहे, नवा कागद शोधून आणणार नाही. जे छापील आणि सर्वांना माहीत आहे, त्यातली कार्यकारणाची साखळी तेवढी ओढून बघणार आहे.

गोष्ट जशी सांगितली जाते

दाभोळ म्हटलं की आपल्या पिढीला एन्रॉन आठवतं. तो प्रकल्प खरं तर खाडीच्या पलीकडे, गुहागरच्या बाजूला. मूळ दाभोळ गाव दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे. आज धोपाव्याहून फेरीबोटीने उतरलात तर हे एके काळी दख्खनचं मोठं दार होतं, असं सांगूनही पटणार नाही.

पण होतं. १४७०च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरवरून बिदरला गेला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. त्याने लिहून ठेवलंय की दाभोळ फार मोठं बंदर आहे, आणि तिथे मिसर, अरबस्तान, खुरासान अशा ठिकाणांहून घोडे येतात. त्याआधी १४५३ मध्ये याच बंदरात इराणच्या गिलान प्रांतातला एक व्यापारी उतरला होता. त्याचं नाव महमूद गावान. पुढे तो बहमनी राज्याचा वजीर झाला. १४६९ ते १४७२ या काळात त्याने कोकणात मोहीम चालवली, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड घेतला, गोवा घेतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराला धाक आणि आधार दोन्ही मिळाले.

मग पडता काळ. एप्रिल १४८१ मध्ये सुलतान तिसरा मुहम्मदशहा याने गावानला ठार मारलं. वर्षभरात सुलतानही गेला. गादीवर आला त्याचा मुलगा महमूदशहा, आणि तो १५१८ पर्यंत नावाला सुलतान राहिला. हाच आपल्या गोष्टीतला 'विलासी राजा'. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की दरबारात दूरदूरहून गवय्ये आणि नर्तकी जमल्या, सुलतान मद्यात आणि संगीतात बुडाला. पूर्वजांचं प्रसिद्ध फिरोजा तख्त त्याने मोडायला लावलं आणि त्यातली रत्नं पेल्यांना आणि सुरयांना जडवली. असा तपशील एकदा वाचला की विसरता येत नाही.

इकडे बहादूर गिलानी नावाच्या अमलदाराने गोवा, दाभोळ आणि आसपासचा किनारा बळकावला आणि गुजरातची जहाजं लुटायला सुरुवात केली. राज्याचे तुकडे झाले. आणि १५०८च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने दाभोळवर हल्ला करून शहर जाळलं, माणसं कापून काढली.

राजा, पेला, ढासळता तट, क्षितिजावरची शिडं. साचा तंतोतंत बसला. आता तो तपासू.

पहिला प्रश्न: हे सांगतंय कोण?

लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण पेपरचं वर्ष बघतो, लेखक कुठल्या संस्थेतला ते बघतो, पैसा कुणी दिला तेही बघतो. फेरिश्ताला तेच लावा. तो सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहितोय, म्हणजे महमूदशहा मेल्यावर जवळपास नव्वद वर्षांनी. आणि लिहितोय विजापूरच्या दरबारात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने. आदिलशाही कशातून उभी राहिली? बहमनी राज्य मोडलं त्यातून. ज्या घराण्याने जुन्या धन्याचा मुलूख घेतला, त्या घराण्याला जुना धनी नालायक होता ही गोष्ट फार सोयीची असते.

बरं, दुसरं साधन बघावं तर तबातबाचा 'बुरहान-ए-मआसिर'. तो १५९०च्या दशकातला, अहमदनगरच्या निजामशाहीसाठी लिहिलेला. निजामशाहीही बहमनींच्याच तुकड्यांतून निघालेली. इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: दोन साधनं वेगवेगळ्या गावची असली म्हणजे ती एकमेकांपासून स्वतंत्र असतातच असं नाही. दोघांचा फायदा एकाच बाजूला असेल, तर त्यांचं एकमत म्हणजे दोन पुरावे नव्हेत. दीड म्हणा फार तर.

हा संशय अवाजवी वाटत असेल तर आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. छत्रपती संभाजी महाराजांची व्यसनी, बेजबाबदार अशी प्रतिमा मराठीत किती वर्षं चालली! नाटकांनी, कादंबऱ्यांनी ती घट्ट केली. तिचा एक मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर, शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेली. आणि हे बखरकार बाळाजी आवजींच्या वंशातले, ज्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं घालून समकालीन कागद जमवले, १९६० मध्ये चरित्र छापलं, पुढे कमल गोखले यांनी त्यावर काम केलं, तेव्हा कुठे ती प्रतिमा हलली. बेंद्र्यांनी 'महाराज चांगले होते हो' असा गळा काढला नाही. त्यांनी विचारलं, हे कधी लिहिलं, कुणी लिहिलं, आणि त्या वेळचे कागद काय म्हणतात?

याचा अर्थ महमूदशहाही असाच धुतल्या तांदळासारखा होता, असा काढू नका. प्रत्येक विलासी राजामागे एक गैरसमज असतो असा काही नियम नाही. शिवाय फेरिश्ता खोटारडा होता असंही मी म्हणत नाही. उलट त्याच्याच पुस्तकात अशी माहिती आहे जी त्याच्या निष्कर्षाला पुरेशी जुळत नाही. गादीवर आला तेव्हा महमूदशहा बारा वर्षांचा होता. १४८७ मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, राजवाड्यातच त्याच्या जिवावर हल्ला झाला. पुढे कारभार कासिम बरीद आणि त्यानंतर त्याचा मुलगा अमीर बरीद यांच्या हातात गेला. आता सांगा, बारा वर्षांच्या मुलाने बंदराकडे 'दुर्लक्ष' केलं म्हणजे नक्की काय केलं? ज्याच्या हातात सत्ताच नाही त्याची चैन हे सत्ता जाण्याचं कारण, की सत्ता गेल्याचा परिणाम? कोंडलेला माणूस बाटली जवळ करतो हेही शक्य आहेच की. बाणाची दिशा उलटी असू शकते. ही शक्यता तपासल्याशिवाय 'म्हणून' हा शब्द लिहायचा नाही.

दुसरा प्रश्न: जे आधीही होतं, ते बदलाचं कारण कसं?

निकितिनकडे परत जाऊ. तो समकालीन, बाहेरचा, कुठल्याही दख्खनी घराण्याचं मीठ न खाल्लेला. बिदरच्या सरदारांचा थाट त्याने डोळे फाडून पाहिलाय. चांदीच्या पलंगांवर बसवून त्यांना मिरवतात, पुढे मागे घोडे, मशाली, वाजंत्री. सुलतानाच्या स्वारीत सजवलेले हत्ती. आणि त्याच दमात तो सांगतो की मुलखातले लोक मात्र हलाखीत आहेत.

तारीख लक्षात घ्या. हे आहे १४७०च्या आसपासचं, गावान वजीर असतानाचं, दाभोळ जोरात असतानाचं. म्हणजे बंदर भरभराटीला होतं तेव्हाही दरबारात ऐषआराम होताच. पुढे बंदराची सुरक्षितता गेली तेव्हाही होता. जो घटक दोन्ही वेळी सारखाच आहे, तो दोन वेळांमधल्या फरकाचं कारण होऊ शकत नाही. प्रयोगशाळेत दोन्ही चंचुपात्रांत सारखंच मीठ टाकलं आणि एकातच रंग बदलला, तर आपण 'मिठामुळे' म्हणतो का?

आता घटनाक्रम. दाभोळ जळलं १५०८ मध्ये. त्या वेळी ते महमूदशहाच्या हाताखाली नव्हतंच. ते विजापूरच्या यूसुफ आदिलखानाकडे होतं, म्हणजे आदिलशाहीच्या संस्थापकाकडे, ज्याला फेरिश्ता कर्तबगार म्हणून रंगवतो. साचा म्हणतो चैनी राजामुळे शहर जळलं. तारखा म्हणतात कर्तबगार राजाच्या अमलात जळलं.

आणि जळून संपलं का? तेही नाही. १५१६च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीजच लिहितो की शहर पुन्हा उभं राहिलंय आणि तांबं, पारा, घोडे असा व्यापार चालू आहे. पोर्तुगीजांनी पुढे दाभोळवर पुन्हा हल्ले केले, १५४७चा त्यातला एक. तरीही आदिलशाहीत मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंची जहाजं इथून सुटत. खाडीकाठची शाही मशीद सतराव्या शतकाच्या मध्यातली, ती आजही उभी आहे. बुडालेल्या बंदरात कुणी असली इमारत बांधत नाही. म्हणजे 'विलासी राजा' गेल्यावर निदान सव्वाशे वर्षं बंदर चालू होतं. गोष्टीत मात्र आपण शहराला राजाबरोबरच बुडवून टाकतो, कारण शेवट तसा जास्त शोभतो.

तिसरा प्रश्न: तुलनेला कोण आहे?

एकाच रोग्यावरून औषधाबद्दल बोलू नये, हे तुम्हाला माहीतच आहे. मग एकाच राजावरून चैनीबद्दल का बोलायचं?

शेजारी बघा. त्याच काळात गुजरातेत महमूद बेगडा राज्य करत होता, १५११ पर्यंत. भोगाच्या बाबतीत त्याच्या दंतकथा महमूदशहापेक्षा कैक पटींनी रसाळ. त्याच्या रोजच्या आहाराचे आकडे ऐकून आजही लोक हसतात, आणि तो लहानपणापासून विष पचवून मोठा झाला अशा कहाण्या तेव्हाच्या युरोपीय प्रवाशांनीही ऐकून नोंदवल्या. पण खंबायत आणि दीव ही त्याची बंदरं जोरात होती. म्हणून त्याच्या खादाडीचे 'किस्से' होतात आणि महमूदशहाच्या मद्यपानाची 'कारणं' होतात. वागणं तेच, निकाल वेगळा, आणि निकाल बघून आपण वागण्याला नाव देतो. परीक्षेचा निकाल लागल्यावर पोरगं पहाटे उठायचं की नाही याची चर्चा करावी, तसला हा प्रकार.

मग गुजरातेत वेगळं काय होतं? दीवला मलिक अयाज होता. राजा कितीही जेवो, बंदरावर एक माणूस असा होता ज्याच्याकडे तट, तोफा, आरमार आणि निर्णयाचा अधिकार होता. मार्च १५०८ मध्ये चौलजवळ मिसरच्या आरमाराबरोबर त्याची जहाजं लढली, अल्मेडाचा मुलगा त्यात मारला गेला. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवपाशी त्यांचा पराभव झाला, हे खरं. पण तरीही दीवमध्ये किल्ला बांधायला पोर्तुगीजांना १५३५ उजाडलं.

मग दुर्लक्षाने काहीच झालं नाही का?

झालं. साचा मोडायचा म्हणून उलटा साचा तयार करायचा नाही. फक्त दुर्लक्ष कुठे झालं ती जागा नीट शोधायची.

माझ्या मते ती जागा १४८१ ही आहे, आणि त्या वेळी महमूदशहा अकरा-बारा वर्षांचं पोर होता. गावानने राज्याचे चार तरफ म्हणजे सुभे होते त्यांचे आठ केले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाची माणसं नेमली. मोठ्या सरदारांचे पंख कापले गेले. त्यात दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, असे गट एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि गावान बाहेरचा. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कागद मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं खोटं पत्र लिहिलं आणि ते सुलतानापुढे ठेवलं. सुलतान नशेत होता, चौकशी केली नाही. सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं.

पेला इथे आहे बघा. दारूचा खरा धागा कुठे लागतो तर या एका निर्णयाला, आणि तोही दुसऱ्याच राजाच्या. पण नुसती दारू म्हणून भागत नाही. नशेतल्या माणसाचा शब्द क्षणात अमलात येतो, मधे विचारणारं कुणी नाही, पत्र पडताळण्याची पद्धत नाही, हा खरा दोष. गावान गेल्यावर त्याची घडी विस्कटली, तरफदार आपापल्या मुलखात धनी झाले आणि किनाऱ्याला वाली राहिला नाही. बहादूर गिलानीला मोकळं रान मिळालं ते यातून. त्याने गुजरातची जहाजं लुटली, महमूद बेगड्याने बिदरकडे तक्रार केली, तेव्हा महमूदशहा सरदारांची फौज जमवून स्वतः मोहिमेवर निघाला आणि १४९४ मध्ये बहादूर मारला गेला. चैनी राजा महालातून उठलाच नाही, हेही खरं नाही. उठला, पण उधारीच्या फौजेवर आणि उशिरा.

म्हणून मी वाक्य असं लिहीन: 'वजिराच्या हत्येनंतर किल्ल्यांवरचं मध्यवर्ती नियंत्रण सुटलं, किनाऱ्यावर जबाबदार ठाणेदार राहिला नाही, आणि काही वर्षं दाभोळचा व्यापार असुरक्षित झाला.' लांब आहे, चटकदार नाही. पण यातला प्रत्येक तुकडा वेगळा तपासता येतो, आणि चुकीचा निघाला तर काढता येतो. 'राजा विलासी होता' या वाक्यातलं काय काढणार?

साच्यातून गळालेली माणसं

आता खरी टोचणारी गोष्ट. हा साचा नुसता अपुरा असता तर मी एवढा त्रागा केला नसता. तो अन्यायही करतो.

१५०८च्या शेवटी दाभोळमध्ये बायका-मुलांसकट माणसं मारली गेली. पोर्तुगीज बखरकारांनीच ते लिहून ठेवलंय. अल्मेडा मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला दीवकडे निघाला होता, वाटेत दाभोळ लागलं. ज्याने हुकूम दिला त्याचं नाव माहीत आहे, तारीख माहीत आहे. पण 'विलासी राजामुळे शहर बुडालं' म्हटलं की हा माणूस क्षितिजावरच्या शिडांसारखा होऊन जातो. पाऊस येतो, भरती येते, तसे पोर्तुगीज आले. जणू मारणाऱ्याला मारण्याचा काही पर्यायच नव्हता आणि दोष फक्त दार उघडं ठेवणाऱ्याचा. नुसतं 'शहर नष्ट झालं' असं करणाऱ्याचं नाव गाळलेलं वाक्य दिसलं की विचारायचं: कुणी केलं?

दुसरी गळालेली माणसं आपल्याकडची. फँटसीतल्या बंदराला मागे मुलूख नसतो. श्रीमंती समुद्रातून येते आणि राजवाड्यात जाते. खऱ्या दाभोळमागे घाट होते आणि घाटावर गावं होती. परदेशी घोडा दाभोळला उतरायचा तो बिदरच्या फौजेसाठी, आणि त्याची किंमत शेवटी भीमा-नीरेच्या खोऱ्यासारख्या मुलखातल्या शेतसाऱ्यातून जायची. तेव्हा हा सगळा भाग बहमनी अमलातच होता. दुष्काळात कोठार उघडणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला जातो, धान्याचे पैसे भरतो आणि पावती घेतो. ही कथा इतिहास म्हणून मी वापरणार नाही. पण लोकांनी बिदर कशासाठी लक्षात ठेवलं ते बघण्यासारखं आहे: तिथल्या मैफलींसाठी नव्हे, तिथल्या हिशोबासाठी. निकितिनने ज्यांना हलाखीत पाहिलं, त्यांना राजा पितो की नाही यापेक्षा सारा किती, हा प्रश्न मोठा होता. गावानसारखा कर्तबगार वजीर असतानाही ते हलाखीतच होते, हे 'चांगला राजा, वाईट राजा' या मापात बसतच नाही.

आमच्या सांगवीच्या पट्ट्यात याचा रोजचा नमुना सापडतो. एखादा साखर कारखाना अडचणीत आला की पारावर पहिली चर्चा चेअरमनच्या गाडीची आणि बंगल्याची. गाडी खरी असते, रागही खरा असतो. पण गाळप किती दिवस चाललं, उतारा किती पडला, कर्जावर व्याज किती, ऊस बाहेर किती गेला, ताळेबंद सभेत कुणी वाचला का, हे विचारणारा म्हातारा कोपऱ्यात एखादाच, आणि त्याला कंटाळवाणा म्हणतात. गाडी विकली तरी तोटा राहिला, तर पुढे काय विचारायचं ते फक्त त्यालाच माहीत असतं. आणि गंमत म्हणजे ज्याला ताळेबंद लपवायचाय त्यालाही गाडीची चर्चा सोयीचीच असते. संशोधकाने त्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसावं.

तुमच्या कागदासाठी

आज संध्याकाळी तुमचा सिनॉप्सिस काढा आणि 'कारण', 'म्हणून', 'मुळे' या शब्दांखाली पेन्सिलने रेघा ओढा. प्रत्येक रेघेपाशी थांबून एवढं बघा. एक, कारणाच्या जागी घटना आहे की विशेषण? 'उदासीन', 'विलासी', 'अज्ञानी' ही विशेषणं आहेत. 'पद दोन वर्षं रिकामं होतं' ही घटना आहे. दोन, हे विशेषण निकाल लागण्याआधी कुणी लिहिलं होतं का, की नंतरच चिकटवलं? तीन, तुमची साधनं खरंच स्वतंत्र आहेत का? चार, तोच गुण असूनही वेगळा निकाल लागला असं एक तरी उदाहरण शोधलं का, म्हणजे तुमचा महमूद बेगडा कोण? आणि पाच, तुमच्या वाक्यामुळे कुणी करणारा नजरेआड होतोय का?

पाचही जागी उत्तर नीट मिळालं तर वाक्य ठेवा, अगदी 'राजा विलासी होता' हेसुद्धा. नाही मिळालं तर वाक्य कापून टाकण्याआधी गाईडशी बोला. बऱ्याचदा अशा कापलेल्या वाक्याच्या जागीच संशोधनाचा खरा प्रश्न निघतो. दाभोळच्या बाबतीत माझ्यासाठी तो असा निघाला: वरचा माणूस लक्ष देत नसताना काही बंदरं टिकतात आणि काही नाही, तर टिकणाऱ्या बंदरावर जबाबदारी कुणाच्या नावावर लिहिलेली असते? हा प्रश्न तुम्ही जिल्हा रुग्णालयाला लावू शकता, गावतळ्याला लावू शकता, तुमच्या विभागातल्या बंद पडलेल्या उपकरणालाही लावू शकता. लावून बघा, आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.